मशीन चालू असताना

"रेघेच्या अलीकडं," उदयसिंह मान न वळवता म्हणाले.

बनाबाईंचा पाय उंबऱ्यावरच थांबला. हातातल्या चहावर साय धरू लागली होती. मशीन थांबेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

रहिमतपूरच्या बाहेर, उसाला लागून त्यांचं एकटं घर. घरामागं पत्र्याची खोली. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर उदयसिंहांनी तिथं लाकूडकाम मांडलं होतं. मधोमध स्क्रोल सॉ, बारीक पातं खालीवर नाचवत लाकडात नक्षी कापणारं मशीन. त्यावर ते देव्हाऱ्याच्या जाळ्या करत, दारावरच्या नावपाट्या करत. दारापासून दोन हातांवर फरशीवर त्यांनी पिवळी रेघ ओढली होती. मशीन चालू असताना ती कुणी ओलांडायची नाही. हाक मारायची नाही. दारसुद्धा वाजवायचं नाही.

नियम त्यांना स्वतःलाही होते. डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय खटक्याला हात नाही. बोट कधी पात्याच्या समोर नाही. लहान तुकडा असला तर काठीनं ढकलायचा. पातं बदलायचं तर आधी प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. पंधरा वर्षांत साधा ओरखडा उठला नव्हता. कुणी विचारलं की ते दहाही बोटं पसरून दाखवत.

"माणूस दचकला की बोट गेलं," ते सांगत. "बायकांना तोंड आवरत न्हाई. म्हणून ती रेघ."

मागच्या हिवाळ्यात कवठे महांकाळहून बनाबाईंच्या भावाचा फोन आला. आईचं काही खरं नव्हतं. बनाबाई धावत मागं गेल्या आणि रेघेपाशी उभं राहून ओरडल्या, "आवं, आईचं लय झालंय! चला की!"

उदयसिंहांनी मशीन बंद केलं. चष्मा कपाळावर सरकवला. आवाज न चढवता ते म्हणाले, "बोट गेलं असतं माझं. बस आता तिथं उंबऱ्यावर. मोर पुरा हुईस्तवर उठायचं न्हाई."

प्लायवूडमधून मोर कापायचं काम चाललं होतं. पिसाऱ्यात बारीक डोळे होते, एकेकासाठी भोक पाडून, पातं सोडून, पुन्हा अडकवून. बनाबाई अडीच तास उंबऱ्यावर बसून राहिल्या. मग दोघं निघाले. सांगलीच्या स्टँडवर उतरले तेव्हा भावाचा दुसरा फोन आला. आईच्या तोंडात पाणी घालायला लेक पोचली नाही.

मोर मात्र सुरेख झाला होता. तो बाहेरच्या खोलीत लागला. बनाबाई रोज त्याच्यावरची धूळ पुसत.

शुक्रवारी न्याहारी करून उदयसिंह कापलेल्या जाळ्या घासायला मागच्या खोलीत गेले. बनाबाईंनी आडावरून दोन कळशा पाणी आणलं. चटणी वाटायची होती. पाटा धुऊन त्या वाटायला बसल्या. अकराच्या सुमाराला मागं काहीतरी धाडकन पडलं. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले आणि त्या दाराशी गेल्या.

उदयसिंह मशीनच्या पायाशी आडवे झाले होते. एक हात छातीवर. डोळे उघडे, दाराकडं लागलेले.

"बना," ते म्हणाले.

बनाबाई उंबऱ्यावर बसल्या. त्यांनी रेघ ओलांडली नाही, तोंडातून शब्दही काढला नाही.

"पाणी," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं पुन्हा तेच.

एक वाजता उसाला पाणी पाजून परतणाऱ्या शेजारच्या रानातल्या धोंडुबाईंनी हाक दिली तेव्हा त्या अजून उंबऱ्यावरच होत्या. धोंडुबाईंनी आत डोकावून बोंब ठोकली, तशी रानातली माणसं धावली आणि उदयसिंहांना दवाखान्यात नेलं.

मुलगा ऋषिराज आणि सून पूजा सांगलीहून तिन्हीसांजेला पोचले. दवाखान्यातले डॉक्टर ऋषिराजला म्हणाले, तासाभरात आणलं असतं तर वाचले असते. तो आईसमोर येऊन बसला.

"आई, तू तिथंच होतीस ना?"

"हुते की."

"मग आत का नाही गेलीस?"

"मशीन चालू हुतं, बाळा." बनाबाई जमिनीकडं बघत होत्या. "मशीन चालू असताना जायचं न्हाई. पंधरा वर्सं तेच शिकवलं त्येंनी. लय येळानं धीर करून खटका बंद केला, तवर सगळं झालं हुतं."

ऋषिराजनं आईला जवळ ओढलं. अडीच तासांची ती गोष्ट त्याला ठाऊक होती. "बाबांनी तुझा जीवच भिववून टाकला होता," तो रडत म्हणाला. पूजानं सासूच्या पाठीवरून हात फिरवला. रात्रभर ती त्यांच्या उशाशी बसून होती. त्याच रात्री ऋषिराजनं ठरवलं, आईला आता इथं ठेवायचं नाही, सांगलीला न्यायचं.

तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर गावचा वायरमन सयाजी भेटायला आला. पायरीवर बसला. साहेब माणूस कसा शिस्तीचा होता ते बोलला. ऋषिराजनं त्याला सगळं सांगितलं, म्हणाला, "त्या मशीननंच घात केला, सयाजीदादा. ते चालू होतं म्हणून आई आत जायला धजली नाही."

सयाजीनं तोंडाशी नेलेली चहाची बशी खाली ठेवली.

"कसं काय चालू आसंल?" तो म्हणाला. "तुमचा खांब बदलायचा हुता, म्हणून त्या दिवशी सकाळी आठलाच मी ह्या घराची तार सोडली हुती. सायबास्नी आन् काकींनाबी सांगून. जोडली ती सांजंला सहा वाजता, त्यास्नी दवाखान्यात न्हेल्यावर."