दफनभूमीचं फाटक

दफनभूमीच्या फाटकाला कुलूप होतं आणि सगुणाबाईच्या लेकाची शवपेटी रस्त्यावर उन्हात ठेवलेली. “दारुड्याला इथं जागा नाही. नियम म्हणजे नियम,” किल्ली खिशात टाकत चर्चचे पंच म्हणाले. पाळकांनी मान डोलावली.

सगुणाबाई पाळकांपुढं येऊन उभी राहिली. “साहेब, बाप्तिस्म्याला हा तुमच्या झग्यावर मुतला होता. तेव्हा हसून म्हणालात, देवाच्या घरी लेकराला सगळं माफ. ती माफी कधी बंद झाली, तेवढं सांगा.”

पाळकांनी बायबल उघडलं, काही न वाचताच मिटलं.

तिनं धोंडा उचलून कुलपावर घातला. कुलूप तुटलं नाही. पंच तिच्यावर खेकसले. आपण कुलपाच्या बाजूनं उभे आहोत, हे पाळकांना आत्ता दिसलं.

“द्या इकडं, बाई,” म्हणत त्यांनी तिच्या हातातला धोंडा घेतला आणि ते कुलपाकडं वळले.