मागच्या बाजूचा आवाज

सायकलची साखळी कुरकुरली, कुठेतरी कुत्रं भुंकलं, पडद्यावरचा बाप "सोडू का? सोडू का?" करत सीट धरून धावला आणि क्लिप संपली. याही वेळी आईचा आवाज काही आला नाही.

सोफ्यावर बसलेल्या खारूने उशी पोटाशी ओढून घेतली.

बापाने कॉम्प्युटरवर क्लिप पुन्हा पहिल्यापासून लावली. आवाज इतका वाढवला की कपाटाची काच थरथरली. वारा आला, कुत्रं आलं, आणि त्याचा स्वतःचा आवाज तर नको इतका मोठा आला.

खारू त्याची मुलगी. दुसरीत जाणारी. आई अपघातात गेली तेव्हा ती रडली, मग सावरली, शाळेत जाऊ लागली. सगळे म्हणाले, पोर मोठी समजूतदार. मग एके दिवशी दप्तर भरता भरता तिने विचारलं, "बाबा, आईचा आवाज कसा होता? मला आठवतच नाहीये." त्याने सांगायचा प्रयत्न केला. गोड होता, जरा बसका होता. ती ऐकून घेत राहिली आणि त्या दिवसापासून तिचं बोलणं आटलं. विचारलं तर मान हलवायची. बाई म्हणाल्या, वर्गात बाकावर डोकं ठेवून पडून असते.

त्याने सगळं घर पालथं घातलं. बायकोचा फोन अपघातात तिच्याबरोबरच गेला होता. त्याच्या फोनवर तिचे निरोप होते शेकड्यांनी, पण सगळे टाईप केलेले. कामाच्या वेळी फोन करू नकोस, लिहून टाक, असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. लग्नाच्या व्हिडिओवर शूटिंगवाल्याने पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत गाणी चढवलेली. उरला होता तिचा कॅमेरा. त्यात घरातलं, बागेतलं, वाढदिवसांचं सगळं होतं, फक्त ती नव्हती, कारण कॅमेरा कायम तिच्याच हातात.

शेवटी त्याने मेहुण्याला फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"दाजी, थांबा जरा," मेहुणा म्हणाला. "तो कॅमेरा मीच आणून दिला होता ताईला. तो चारी बाजूंचा आवाज घेतो. जो धरतो त्याचा आवाज मागच्या बाजूला जातो. तुमचा प्लेअर स्टिरिओवर, म्हणजे समोरच्या दोनच स्पीकरवर असेल तर मागचं सगळं गाळून टाकत असेल. सराउंडवर टाका. आणि मागचे स्पीकर कुठायत तुमचे?"

"माळ्यावर."

"मग काढा की."

त्याने काढले. धूळ पुसली, वायरी सोडवल्या, एक पेटी सोफ्याच्या या बाजूला मागे, दुसरी त्या बाजूला ठेवली. खारूने पाय वर घेतले आणि त्याला वाट करून दिली. त्याने प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'सराउंड' निवडलं. मागच्या पेट्या ढिम्म. पुन्हा जाऊन बघतो तर निवड आपली मुकाट स्टिरिओवर परत आलेली. त्याने तीनतीनदा तेच केलं. नसेलच काही, असं मनात आलं, आणि मग या पोरीला काय सांगायचं?

मग त्याच्या लक्षात आलं की खुद्द कॉम्प्युटरच धरून चाललाय, घरात दोनच स्पीकर आहेत. त्याने तिथे जाऊन पाच स्पीकरचा पर्याय निवडला. तपासणीची खरखर एकेका पेटीतून फिरली. समोर डावीकडे, मध्ये, उजवीकडे. मग सोफ्याच्या मागे. खारू दचकली.

त्याने प्लेअर बंद करून पुन्हा उघडला. सराउंड. या वेळी निवड टिकली. त्याने क्लिप लावली आणि माउस घेऊन जमिनीवरच बसला.

साखळी कुरकुरली, कुत्रं भुंकलं. आणि सोफ्याच्या मागून, अगदी पाठीशी कुणी उभं असावं तसा, जरा बसका आवाज आला.

"खारू, पाठ सरळ. चाकाकडे नको बघू, समोर बघ."

खारू मागे वळली नाही. तिची पाठ मात्र आपोआप ताठ झाली. उशी घरंगळून खाली पडली.

पडद्यावर बाप एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने कानाशी फोन धरून धावत होता. मागून हसू आलं, मग एक उसासा. मग ती हळूच, स्वतःशीच बोलली, कॅमेऱ्यात जातंय हे बहुतेक विसरूनच.

"फोन काही सुटत नाही बाई यांचा. सगळ्यांचं शूटिंग मी काढायचं. आमचं कोण काढणार, देव जाणे."

बापाला तोंड वर करवेना. तो आवाज गोड नव्हता. तो दमलेला होता, आणि इतक्या वर्षांत त्याने तो एकदाही ऐकला नव्हता. पुढे ती आणखी काय बोलली असेल, आणि बाकीच्या क्लिपांत काय काय असेल? पोरीने हे ऐकायला नको, असं त्याने स्वतःला सांगितलं. माउस सरकवून त्याने बाण 'स्टिरिओ'वर नेला.

खारू सोफ्यावरून उतरली. तिने आपला हात त्याच्या हातावर ठेवला आणि बाण बाजूला सारला.

"बाबा," ती म्हणाली, "बोलू दे ना तिला."