तसूभर

तारा ग्रहाला ओढतो, तेवढ्याच जोराने चिमुकला ग्रहही ताऱ्याला ओढतो. ग्रह दिसत नाही, पण अवाढव्य तारा तसूभर हलतो. तेवढ्यावरून जवळपास कुणीतरी आहे हे ताडणं, हेच वेधशाळेतल्या मॅडमचं काम.

मग स्वतःचा नवरा हललेला त्यांना कळणार नाही होय? सुट्टीला सोफा न सोडणारा माणूस हल्ली दर शनिवारी गुळगुळीत दाढी करून बाहेर पडायचा. नेहमीचा सेंट मात्र बंद. वास मागे राहायला नको म्हणून असणार! विचारलं की, "अगं, जरा पाय मोकळे करून येतो."

"कोण आहे ती, बघतेच," म्हणत या शनिवारी मॅडम त्याच्या मागोमाग निघाल्या.

तो बागेतल्या बाकावर बसला होता. शेजारी त्यांची लेक. तिने आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं, तेव्हापासून तिचं नाव घरात काढायचं नाही, असं मॅडमनीच बजावलं होतं. आणि त्याच्या गुळगुळीत गालाला गाल लावून दोनेक महिन्यांचं बाळ.

मॅडम तरातरा बाकापर्यंत गेल्या.



"अहो, आधी बाळाची मान धरा! ...द्या, इकडे द्या."