झग्याला धरलेली पोर

बाब अल बहरीन या जुन्या वेशीजवळच्या ऑफिसात, मसूदाच्या नवऱ्याच्या वकिलाच्या खुर्चीमागे एक जुनं फ्रेंच व्यंगचित्र टांगलेलं होतं. काळ्या झग्यातले दोन वकील खदाखदा हसताहेत, बाजूला एक बाई रडतेय आणि तिची पोर तिच्या घागऱ्याला धरून उभी आहे.

"सुहाला बापाकडे सोड, मसूदा," वकील इमाद म्हणाला. "नाहीतर कोर्टात तुझी लाज काढीन."

"काढा. पोर मी देणार नाही."

तो हसला. मसूदाची नजर चित्राकडे गेली. पोरीने आईचा घागरा सोडला होता.

मसूदाने शेजारी बसलेल्या सुहाचा हात घट्ट धरला. "हे चित्र आत्ता बदललं."

"चित्रं बदलत नसतात," मागे न बघताच इमाद म्हणाला.

तिने पुन्हा पाहिलं. पोर आता चित्रातल्या एका वकिलाच्या झग्याला धरून उभी होती आणि त्या दोघांसारखीच हसत होती.

सुहाने हात सोडवून घेतला. टेबलाला वळसा घालून ती इमादपाशी गेली आणि त्याच्या कोटाची बाही तिने मुठीत धरली.

"सुहा, इकडे ये."

सुहाने आईला नीट निरखून पाहिलं. मग मान वर करून विचारलं, "अंकल, हू इज शी?"