मंडईतली अक्षरं

“सूनबाई, तुझ्या ॲपात मुंग्या पाळल्यात का? एक अक्षर दिसेल तर शपथ!” मंडईतून मैनाबाई फोनवर कडाडल्या. “आम्ही फुलवाल्या आजच ते काढून टाकतोय.” वाघोलीच्या ऑफिसात तनुजानं लॅपटॉप पुढं ओढला. ऑर्डर घेणारं ते ॲप तिनं सासूबाईंसाठीच घडवलं होतं. “आई, थांबा.” सगळ्या फोनांतल्या ॲपची सेटिंग तिनं कालच क्लाउडला जोडली होती, आता प्रत्येक फोन हातात घ्यायला नको, तिथला एकच आकडा बदलायचा. तिनं अक्षरांचा आकार दुप्पट केला. मग फोनवर फुलवाल्यांच्या साऱ्या ओळीतून आवाज उठले, “अगं, माझीपण वाढली!” एका पातेल्यात मीठ टाकावं नि गावभरच्या आमटीला चव यावी, तसं झालं. “स्क्रीनला बोटसुद्धा लावलं नाही गं,” मैनाबाई कुजबुजल्या. मग स्क्रीनवरची ऑर्डर खणखणीत वाचली, “मोगऱ्याचे गजरे, बुधवार पेठ. फोन ठेव आता, गिऱ्हाईक थांबलंय.”