चेंबरचं पॅकिंग

गाडीखालून मेकॅनिक उस्ता दाखिलचा आवाज आला, "हे बोल्ट कुणी आवळलेत? माणसानं का बैलानं?"

"मी," लफ्ता म्हणाला. "पहाटे. गळत होतं म्हणून."

"गळत होतं म्हणून आवळलंस, आणि आवळलंस म्हणून जास्त गळतंय. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या चेंबरची कड वाकवून ठेवलीस." उस्ता सरपटत बाहेर आला. हात कोपरापर्यंत लाल तेलानं माखले होते. त्यानं बोटं नाकाशी नेली. "वास जळका नाही. गिअरबॉक्स शाबूत आहे. पण असाच निघालास तर दहा किलोमीटरवर बसशील."

"लवकर काहीतरी कर, उस्ता. ऊन वाढतंय."

नजफ अजून साठ किलोमीटर होतं. गाडीच्या टपावर दोरांनी बांधलेली शवपेटी होती आणि पेटीत लफ्ताची बायको सब्रिया होती. मेहुणे सकाळीच बसनं पुढे गेले होते, खणलेल्या कबरीपाशी थांबले होते. हिल्ला शहराबाहेरच्या त्या रस्त्यावर सावली दोनच ठिकाणी होती, उस्ताच्या पत्र्याखाली आणि शेजारच्या चहावाल्याकडे.

"नवं चेंबर बगदादहून उद्या येईल, आणि ते तुला झेपणार नाही," उस्ता हात पुसत म्हणाला. "मी कड ठोकून सरळ करतो. बुचाच्या तक्त्यातून नवं पॅकिंग कापून बसवतो. तेल बादलीत धरतो आणि गाळून तेच परत ओततो. पॅकिंगचे तेवढे दे. तासाभराचं काम आहे. पण गाडी जॅकवर घ्यावी लागेल. आधी पेटी खाली उतरव."

"उतरवणार नाही."

"म्हणजे?"

"तिला शब्द दिलाय. माझ्याच गाडीतून नेईन. आणि एकदा उचललं की इमाम अलींच्या दर्ग्याच्या दारापर्यंत कुठंही जमिनीला टेकवणार नाही."

"माझ्या भावाची व्हॅन आहे. फुकट सोडेल."

"माझ्याच गाडीतून."

"अरे बाबा, खाली मी झोपणार आहे. वर पेटी सरकली आणि जॅक निसटला, तर दोघांना एकदमच नेशील नजफला. मी माझ्या बायकोला असला काही शब्द दिलेला नाही."

लफ्ता टपावरच्या दोराची गाठ चाचपत राहिला. गाठ घट्टच होती.

उस्तानं विचारलं, "तुला हाक काय मारायची?"

"अबू गायब."

मूलबाळ नसलेल्या माणसाला आमच्याकडे हीच हाक असते. न आलेल्या लेकराचा बाप.

उस्ता वळला आणि चहावाल्याच्या बाकांकडे बघून ओरडला, "ए, उठा! तिघं जण या. खांदा द्यायचाय."

"कुठवर?" कुणीतरी विचारलं.

"कुठवर नाही. इथंच. मी बोल्ट बसवीपर्यंत."

दोर सुटले. पेटी टपावरून सरळ खांद्यांवर आली. पुढे लफ्ता आणि चहावाला, मागे टोमॅटोच्या ट्रकचा ड्रायव्हर आणि एक मास्तर. पत्र्याच्या सावलीत चौघं उभे राहिले. जनाजा चालत असला की पाय आपोआप पडतात. असं नुसतं उभं राहायचं कुणालाच ठाऊक नव्हतं. जो तो जागच्या जागी पाय बदलत होता.

गाडी जॅकवर चढली. चेंबर उतरलं. लाकडाच्या ठोकळ्यावर हातोडीचे घाव बसू लागले.

"दाखिल, दुरुस्ती करतोयस का सुतारकाम शिकतोयस?" चहावाला कण्हत म्हणाला. "खांदा गेला माझा!"

"घरी बायकोचं ऐकून घेतोस ना रोज? तसंच हे सोस थोडं."

लोक बदलत होते. रस्त्यानं जाणारा कुणी गाडी थांबवायचा, काही न विचारता एकाच्या खांद्याखालून पेटी आपल्या खांद्यावर घ्यायचा. लफ्ताला दोघा-तिघांनी सरकायला सांगितलं. तो सरकला नाही.

बसमधून उतरलेला एक शिपाई मागच्या बाजूला आला. जरा वेळानं म्हणाला, "हलकी आहे हो. लेकरू आहे का?"



"बायको आहे," लफ्ता समोर बघत म्हणाला. "आठ महिने धड जेवली नव्हती."

उस्तानं आपला धुतलेला रुमाल काढला, त्यातून तेल गाळलं. पॅकिंग बसवलं. समोरासमोरचे बोल्ट एक-एक करून आवळले. "इकडे बघ, अबू गायब. दोन बोटांचा जोर. जीव खाऊन आवळायचं नसतं."

लफ्तानं मान हलवली.

गाडी खाली आली. पेटी टपावर चढली, दोर पुन्हा आवळले गेले. उस्तानं तेल ओतलं, इंजिन चालू करून सगळे गिअर एकेकदा टाकून पाहिले, तेल मोजायची कांडी पुसून पातळी पाहिली. मग गाडीखाली एक कोरा पुठ्ठा सरकवला. माणसं आपापल्या वाटेला लागली. चहावाला खांदा चोळत परत गेला.

दहा मिनिटांनी उस्तानं वाकून पाहिलं. पुठ्ठा कोरडा होता.

"झालं. निघ आता. तासाभरात इमामांच्या दारात टेकवशील तिला. मेहुणे ताटकळले असतील."

लफ्ता गाडीशेजारी उकिडवा बसला होता. त्याची नजर पुठ्ठ्यावर होती.

"अबू गायब, ऐकतोस ना? गळती थांबली."

"थांब जरा," लफ्ता म्हणाला. "एखादा थेंब पडेल अजून."