रडगाण्याला बंदी

"हात वर! आता पोटातून... हा हा हा! हो हो हो!"

तात्याराव पलंगावर उताणे, मांडीच्या हाडात रॉड, आणि दोन्ही हात मात्र पंख्याकडे. पायथ्याला स्टँडवर मोबाइल लावलेला, त्यात अख्खा हास्यक्लब दाटीवाटीनं बसलेला. मीरा रोडच्या बागेत घसरून पडल्यापासून तात्यांनी क्लबला एक दिवस खाडा पडू दिला नव्हता. काशीगावपासून भाईंदरपर्यंतची मंडळी सकाळी सकाळी फोनवर गोळा व्हायची आणि तात्या पडल्या पडल्या त्यांना हसवायचे. आवाज असा, की खालच्या मजल्यावरचा दूधवाला मान वर करून बघायचा. संकटात माणसानं राहावं तर तात्यांसारखं, असं सगळे म्हणायचे. आणि खोटं कशाला बोला, तात्यांना ते ऐकायला फार आवडायचं.

"ममताबेन, कंजूसी नको! खुल के हसो! हा हा हा हा!"

दार ढकलून त्यांची सून आत आली. सुरुचीचे केस विंचरलेले नव्हते आणि डोळे लालभडक झाले होते.

"बाबा, आधी ते बंद करा."

"अगं, पाचच मिनिटं..."

"शेजारच्या इंदूमावशी गेल्या, पहाटे. मी तिकडेच होते. सगळी माणसं मयताला बसलीयत, आणि भिंतीतून तुमचं हसणं येतंय!"

तात्यांचे हात वरच राहिले. त्यांचं हसू थांबलं तेव्हा कुठे भिंतीपलीकडचं रडणं त्यांना ऐकू आलं. ते मघापासून चालूच असणार.

"तात्याजी, आपकी आवाज नहीं आ रही!" मोबाइलमधून ममताबेन ओरडल्या. "हसिए, हसिए!" मागून सगळ्यांचं हा हा, हो हो. तात्यांनी हात लांबवला, पण पायथ्यापर्यंत तो पोचेना. शेवटी सुरुचीनंच फोन बंद केला.

"इंदूबाई? अशा अचानक?"

"अचानक कुठलं, बाबा. कधीच्या अंथरुणाला खिळल्या होत्या."

"आणि मला कुणी सांगायचं नाही?"

"आले होते सांगायला." सुरुचीनं ओढणीनं नाक पुसलं. "तुम्हीच म्हणालात, या घरात निगेटिव्ह बोलायचं नाही. रडगाण्याला बंदी."

म्हणाले होते खरे. वर तेच वाक्य लगोलग क्लबच्या ग्रुपवर टाकलं होतं, आणि त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला होता. तात्यांची कानशिलं तापली. क्लबातल्या काशीगावच्या रोहितभाईंच्या नातीला दात आला, हे त्यांना ठाऊक. भाईंदरला कुणाकडे कुठलं लोणचं घातलं, तेही ठाऊक. आणि एका भिंतीपलीकडे बाई मरायला टेकली, त्याचा पत्ता नाही! तोंड लपवावं तर कूस बदलायला हवी, आणि कूससुद्धा सुनेनं धरल्याशिवाय बदलता येत नव्हती.

तेवढ्यात इंदूबाईंचा मुलगा लोकेश दारात आला. अंगात पांढरा सदरा, घाईत बटणं खालीवर लागलेली.

"वहिनी, पॅसेजमधली काकांची व्हीलचेअर जरा आत घेता का? विहारातून भन्तेजी आलेत वंदनेला. आईला न्यायचं तर वळायला जागा नाय."

सुरुची लगबगीनं बाहेर गेली. लोकेशही वळला.

"लोकेश, थांब रे." तात्यांनी पडल्या पडल्या हात जोडले. "मला खरंच माहीत नव्हतं. तुझी आई तिथे अशी, आणि मी इथे खिदळत बसलो. लाज वाटते रे मला. मेल्याहून मेल्यासारखं झालंय."

लोकेशच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं तात्यांना वाटून गेलं.

"आजचं सोडा, काका. आज तिला कुठे ऐकू येतंय?" तो म्हणाला. "रात्रभर कळा यायच्या तिला. पहाटे जरा कुठे डोळा लागायचा, की तुमचं सुरू व्हायचं. मी रोज उठायचो, तुम्हाला सांगून येतो म्हणून. ती माझा हात धरून ठेवायची."

तात्यांना विचारायचं धाडस होत नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, "काय म्हणायची?"

"म्हणायची, हसू दे रे त्यांना. पडून राहिलेल्या माणसाची सकाळ केवढी मोठी असते, ते मला विचार."